तळ्यातले ‘किडे’ कोळंबीचे शत्रू नाहीत
बीज, म्हणजे कोळंबीची पिल्लं, सोडण्याआधी पाण्यात बारीक किडे वळवळले की तळं बिघडलं, औषध मारा, असं कोळंबीवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कृपा करून मारू नका! ग्लासभर पाणी उजेडाकडे धरा. झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके म्हणजे बहुधा कोपेपॉड, हे प्राणीप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी. वेनामी जातीच्या कोळंबीचं जेमतेम सेंटिमीटरभर बीज सुरुवातीला गोळीखाद्याच्या जोडीला हेच जिवंत, प्रथिनयुक्त अन्न खातं.

ब्लीचिंग पावडर मारायची ती हे प्लवंग वाढण्याआधी, कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आणणारे रानटी झिंगे-खेकडे मरावेत म्हणून. क्लोरीन उडालं की आंबवलेला भाताचा कोंडा घालून हे प्राणीप्लवंग मुद्दाम वाढवतात. मात्र ते अतोनात माजले तर पाण्याला प्राणवायू देणारे हिरवे वनस्पतीप्लवंग फस्त करतात आणि पहाटे प्राणवायू घटतो. तेव्हा एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लगेच चालू करा.