फ्रेंच भूतकाळातलं ‘दूध-दुधाचं’

अकरावीला फ्रेंच घेण्यामागे आपल्याकडे बहुधा एकच हेतू असतो: मार्क. माझी भाचीही त्याच वाटेने गेली. परवा वही घेऊन माझ्यासमोर बसली. “मामा, अँपार्फे, म्हणजे ‘बोलत होतो’सारखा भूतकाळ, करताना वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्यायचं, त्याच्या शेवटचं ‘ओं’ काढायचं आणि नवे प्रत्यय लावायचे. पण ‘नू’चंच का? ‘झ’चं, म्हणजे ‘मी’चं का नाही? बाईंना विचारलं तर म्हणाल्या, नियम आहे, पाठ कर.”

नियम आहे, पाठ कर! या उत्तराने माझं डोकं फिरतं. नियम आकाशातून पडत नाहीत.

आधी नियम काय आहे ते पाहू. बोलणं या अर्थाचं फ्रेंच क्रियापद ‘पार्ले’. (विलेपार्ल्याशी संबंध नाही.) ‘आम्ही बोलतो’ म्हणजे ‘नू पार्लों’. ‘ओं’ उडवलं की ‘पार्ल’ उरतं. आता प्रत्यय लावा: झ पार्ले, त्यू पार्ले, इल पार्ले, नू पार्ल्यों, व्हू पार्ल्ये, आणि ‘ते’साठी पुन्हा इल पार्ले. कानाला यातली चार रूपं एकच. कागदावर मात्र ‘मी’ आणि ‘तू’ला ए-आय-एस, ‘तो’ला ए-आय-टी आणि ‘ते’ला ए-आय-ई-एन-टी. फ्रेंच माणूस बोलताना जितका आळशी, तितकाच लिहिताना उधळ्या. जेवणं या अर्थाच्या ‘मांझे’मध्ये मधेच एक जास्तीचा ‘ई’ येतो, तो फक्त ‘जी’ या अक्षराचा उच्चार ‘ग’ होऊ नये म्हणून. त्यात अडकू नका.

‘पार्ले’सारख्या गुणी क्रियापदांत ‘नू’ घ्या की ‘झ’ घ्या, फरक पडत नाही. गंमत आहे ती खोडकर क्रियापदांत. ‘देणं लागणं, करावं लागणं’ या अर्थाचं ‘दव्हवार’ घ्या. वर्तमानकाळात झ द्वा, इल द्वा; पण नू दव्हों. आणि अँपार्फे? दव्हे. ‘येणं’ घ्या: झ व्ह्यँ, पण नू व्हनों, म्हणून व्हने. ‘मरणं’ घ्या: इल मर, पण नू मुरों, म्हणून मुरे. म्हणजे ‘मी’ आणि ‘तो’ एका बाजूला, तर ‘आम्ही’ आणि सगळा अँपार्फे दुसऱ्या बाजूला. ही गटबाजी आली कुठून?

उत्तर आघातात आहे. शब्दातल्या एखाद्या अक्षरावर बोलताना जो जोर पडतो, तो आघात. फ्रेंचची आई लॅटिन. लॅटिनमध्ये ‘तो देणं लागतो’ म्हणजे ‘डेबेट’, जोर पहिल्या ‘डे’वर. ‘आम्ही देणं लागतो’ म्हणजे ‘डेबेमुस’, इथे जोर सरकून ‘बे’वर गेला. आणि ‘मी देणं लागत होतो’ म्हणजे ‘डेबेबाम’. इथेही जोर ‘डे’वर नाही, पुढच्या ‘बे’वर आहे. आता लॅटिनची फ्रेंच होताना शेकडो वर्षांत एक गोष्ट फार शिस्तीने घडली. जोराखालचा दीर्घ ‘ए’ फुगला: आधी ‘एइ’ झाला, मग ‘ओइ’, मग ‘वे’, शेवटी ‘वा’. बिनजोराचा ‘ए’ मात्र आक्रसत आक्रसत नुसता ‘अ’ उरला. ‘डेबेट’मध्ये जोर ‘डे’वर, म्हणून तो फुगून ‘द्वा’ झाला. ‘डेबेमुस’ आणि ‘डेबेबाम’मध्ये ‘डे’ उपाशी राहिला, म्हणून तिथे ‘द’. बस, एवढंच. ‘नू’चं रूप आणि अँपार्फे यांची मुळं सारखी दिसतात, कारण दोघांतही जोर मुळावरून उठून प्रत्ययावर जाऊन बसला होता.

भाचीला हे पटेना. मग तिला विचारलं, दूध लिहिताना दू दीर्घ आणि दुधाचं लिहिताना ऱ्हस्व का? मीठ पण मिठाचं, फूल पण फुलाला, कापूस पण कापसाची गादी? प्रत्यय लागला की मूळ शब्द अंग चोरतो. त्या चोरलेल्या अंगाला आपण सामान्यरूप म्हणतो. एकदा ‘दुधा’ हाती आलं की दुधात, दुधाला, दुधावर सगळं आपोआप होतं. ‘दूध’पासून सुरुवात केली तर ‘दूधाला’ अशी चूक होते आणि पेपरात लाल रेघ येते. मराठीतलं कारण तंतोतंत लॅटिनसारखं नाही, पण जात तीच. ‘नू’चं रूप म्हणजे फ्रेंच क्रियापदाचं सामान्यरूप समजा.

“मग ‘व्हू’चं, ‘तुम्ही’चं रूप का नाही घेत? तिथेही जोर प्रत्ययावरच असेल ना?” पोरगी हुशार आहे. घेता आलं असतं. पण ‘करणं’ आणि ‘म्हणणं’ या दोन रोजच्या क्रियापदांनी ‘व्हू’मध्ये घोळ घातलाय: व्हू फेत, व्हू दीत. तिथून ‘फझे’ आणि ‘दीझे’ निघत नाहीत. ‘नू’मध्ये मात्र फझों, दीझों अशी सरळ रूपं आहेत. म्हणून पाठ्यपुस्तकं ‘नू’ला धरून बसली.

‘डेबेबाम’ अजून संपलेलं नाही. त्यात दोन ‘ब’ आहेत. पहिला मऊ पडून ‘व्ह’ झाला. दुसरा गळाला; एकाच शब्दात दोन ‘ब’ जिभेला जड जातात, असं त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. अशा क्रियापदांतून ही गळती बाकीच्यांत पसरली. गोव्यातल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या पिढीला यातलं निम्मं ओळखीचं वाटेल, कारण ‘फालाव्हा’ (बोलत होता) मध्ये तो ‘ब’ अजून ‘व्ह’ होऊन जिवंत आहे, तर ‘देव्हिया’ (देणं लागत होता) मधून तो नाहीसा झाला.

मधला ‘बे’ जोराखाली होता, म्हणजे तोही फुगायला हवा. फुगलाच! जुन्या फ्रेंचमध्ये अँपार्फेचा प्रत्यय ‘एइ’ होता, मग ‘ओइ’ झाला, अगदी ‘राजा’ या अर्थाच्या ‘र्वा’सारखा. पण पुढे वाटा फुटल्या. ‘र्वा’मध्ये ‘वे’चा ‘वा’ झाला, तर अँपार्फेत ‘व’ गळून नुसता ‘ए’ राहिला. (कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतात जुन्या वळणाचे लोक ‘मी’ या अर्थाच्या ‘म्वा’ला अजून ‘म्वे’ म्हणतात.) उच्चार बदलला तरी स्पेलिंग ओ-आयच राहिलं. ते ए-आय करा म्हणून व्होल्तेर या फ्रेंच लेखकाने अठराव्या शतकात हट्ट धरला. तो 1778 साली वारला आणि फ्रेंच अकादमीने आपल्या कोशात हा बदल स्वीकारला तो थेट 1835 साली. त्याआधी इंग्रजीने उचललेल्या ‘कॉनसर’, म्हणजे दर्दी, या शब्दात जुनं ओ-आय अजून तसंच आहे.

आता त्या हरवलेल्या ‘ब’ची कुळकथा. लॅटिनच्या या ‘बा’ प्रत्ययाचं मूळ बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ‘होणं, असणं’ अर्थाच्या एका आदिधातूत मानतात. संस्कृतात तोच धातू ‘भू’. भवति, प्राकृतात होइ, मराठीत होणे. म्हणजे ‘तो बोलत होता’मधला ‘होता’ आणि रोमन माणसाचा तो ‘बा’ हे लांबचे चुलतभाऊ. हे वाचून कुणी लगेच ‘फ्रेंच संस्कृतातून निघाली’ असा फॉरवर्ड पाठवू नये. चुलतभाऊ म्हणजे बाप नव्हे. दोघांचा आजोबा एक, आणि त्याचं लिहिलेलं एक अक्षरही शिल्लक नाही.

वापराबद्दल एक गैरसमज फार पसरलाय: लांबलेल्या क्रियेला अँपार्फे आणि झटपट क्रियेला पासे काँपोझे, म्हणजे ‘बोललो’सारखा पुरा झालेला भूतकाळ. चूक. लुई चौदावा 1643 ते 1715 अशी 72 वर्षं गादीवर होता, पण ‘त्याने 72 वर्षं राज्य केलं’ याला फ्रेंचमध्ये पासे काँपोझे लागतो, कारण क्रियेला आपण दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं. ‘मी बाहेर पडलो तेव्हा पाऊस पडत होता’ यात पाऊस पाचच मिनिटं पडला असेल, तरी ‘इल प्लव्हे’, अँपार्फे. कारण आपण त्या पावसाच्या आत उभे आहोत; तो कधी सुरू झाला, कधी थांबला, याच्याशी देणंघेणं नाही.

मराठी माणसाला हे ओळखायला एक फुकटचं यंत्र जन्मापासून मिळालंय. ‘त्याने पुस्तक वाचलं’, पण ‘तो पुस्तक वाचत होता’, ‘तो वाचायचा’, ‘तो वाचत असे’. क्रियापद सकर्मक असलं आणि क्रिया पुरी झाली की ‘तो’, ‘ती’सारख्या कर्त्याला ‘ने’ चिकटतो (‘मी’ आणि ‘तू’ला नाही). अर्धी असली किंवा सवयीची असली की चिकटत नाही. ‘त्याने’ आलं तर पासे काँपोझे, सकर्मक क्रियापद असून ‘तो’ राहिला तर अँपार्फे. ‘तो शिकला’, ‘तो विसरला’ असे चार-दोन अपवाद सोडा. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याकडे ही सोय नाही, आणि आपली मुलं नेमकी इंग्रजीतूनच फ्रेंच शिकतात.

“आणि ‘एत्र’, म्हणजे ‘असणं’? तिथे नियम चालत नाही म्हणतात.” खरंय. ‘आम्ही आहोत’ म्हणजे ‘नू सोम’, त्यातून ‘एते’ काही केल्या निघत नाही. हा एकमेव अपवाद. जुन्या फ्रेंचमध्ये लॅटिनमधून सरळ आलेलं वेगळंच रूप होतं, ते मेलं आणि ‘एते’ उरलं. पण ‘आहे’चा भूतकाळ ‘होता’ करणाऱ्यांनी त्याला हसू नये.

भाचीने वही मिटली. “मामा, एक विचारायचं होतं.” विचारत होती आत्ता, पण म्हणाली ‘होतं’. फ्रेंच लोकही अदबीने विचारताना हेच करतात, ‘झ व्हुले’, म्हणजे ‘मला हवं होतं’, म्हणतात. मी तिला ते सांगणार, तेवढ्यात तिने प्रश्न टाकलाच: “शनिवारी सिनेमाला गेलो तर?” हेही फ्रेंचमध्ये अँपार्फेतच विचारतात. सी ऑन आले ओ सिनेमा?