कंटिन्युअस इंटिग्रेशन : पहिला वर्कफ्लो

कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे टीममधल्या प्रत्येकाने आपला कोड वरचेवर, शक्यतो रोज, मुख्य शाखेत (कोडच्या सामायिक मूळ प्रतीत) मर्ज करायचा आणि दर वेळी तो आपोआप बिल्ड व टेस्ट करून घ्यायचा, अशी सॉफ्टवेअर बांधण्याची पद्धत. रोजच्या बोलण्यात ‘सीआय’. सॉफ्टवेअर अभियंता ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये ही संज्ञा वापरली. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या कार्यपद्धतीमुळे नव्वदच्या दशकाअखेर ती प्रत्यक्ष कामात रुळली. क्रूझकंट्रोल किंवा पुढे जेनकिन्स ही सीआयची साधने वापरायची, तर सर्व्हर सांभाळायला कोणीतरी लागे. ट्रॅव्हिस सीआयसारख्या होस्टेड सेवांनी आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांना खुल्या झालेल्या गिटहब अ‍ॅक्शन्सने (कोड साठवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाची सीआय सेवा) ते ओझे उतरवले.

गिटहबवर पहिला वर्कफ्लो म्हणजे ‘.github/workflows’ या फोल्डरातली एक यॅमल (सेटिंग्ज लिहायच्या साध्या मजकुराच्या स्वरूपातली) फाइल. काम कधी सुरू व्हायचे (पुश झाल्यावर, म्हणजे कोड गिटहबवर पाठवल्यावर, किंवा पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मर्ज करण्याची विनंती, आल्यावर), कोणत्या मशीनवर आणि कोणत्या क्रमाने, एवढेच तिच्यात सांगायचे असते. पायथनच्या छोट्या प्रकल्पाला चार पायऱ्या पुरतात: कोड चेकआउट करणे, पायथन बसवणे, पॅकेजेस इन्स्टॉल करणे, पायटेस्ट हे टेस्टचे साधन चालवणे. कोड तर रिपॉझिटरीतच आहे, मग चेकआउट कशाला, असे नवख्याला वाटते. पण गिटहबचा रनर हे प्रत्येक जॉबसाठी नव्याने उभे राहणारे मशीन असते. चेकआउट केल्याशिवाय त्यावर आपला कोड नसतोच. सीआयची खरी किंमत याच कोरेपणात आहे. कधीतरी लॅपटॉपवर हाताने टाकलेले, पण यादीत लिहायचे राहिलेले पॅकेज इथे पहिल्याच रनमध्ये उघडे पडते.

यॅमलमध्ये इंडेंटेशनला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. आणखी एक चकवा आवृत्तीच्या आकड्यात असतो. पायथनची आवृत्ती अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिली, तर यॅमल ती दशांश संख्या समजून ३.१ करते, आणि वर्कफ्लो भलतीच आवृत्ती शोधत बसतो. आकडा अवतरणात घातला की प्रश्न मिटतो.

पायरी पास की फेल, हे रनर कमांडच्या एक्झिट कोडवरून (कमांड संपताना देते त्या आकड्यावरून) ठरवतो: शून्य आला तर पास, दुसरे काही आले तर फेल. स्क्रीनवर एररचा ढीग पडला तरी शेवटी शून्य आला, तर हिरवी खूणच दिसते. त्यामुळे वर्कफ्लो पहिल्यांदा हिरवा झाला की लगेच एक टेस्ट मुद्दाम मोडून पुश करावी. लाल फुली दिसली तरच तपासणी खरोखर होते आहे असे समजावे. ही पाच मिनिटांची खटपट कोणीही टाळू नये.

नुसत्या लाल फुलीने मर्ज अडत नाही. त्यासाठी शाखेच्या सेटिंगमध्ये ती तपासणी सक्तीची करावी लागते. सक्ती केली की टेस्ट भरवशाच्या हव्यात. कधी पास, कधी फेल होणारी एक टेस्ट राहिली तरी लोक लॉग न वाचताच ‘री-रन’ दाबू लागतात. अशी टेस्ट तातडीने दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी. मुक्तस्रोत प्रकल्पात आणखी एक पथ्य आहे. बाहेरच्या व्यक्तीने आपल्या फोर्कमधून (रिपॉझिटरीच्या स्वतःच्या प्रतीतून) पाठवलेल्या पुल रिक्वेस्टवर वर्कफ्लो चालतो, तेव्हा त्याला साठवलेले पासवर्ड किंवा एपीआय की सुरक्षेसाठी मिळत नाहीत. म्हणून मूळ टेस्ट त्यांच्याशिवाय चालतील अशाच लिहाव्यात, म्हणजे पहिल्यांदा हातभार लावणाऱ्याला स्वतःची चूक नसताना लाल फुली दिसणार नाही.