आयपीव्ही६ आणि ‘स्टॅटिक’चा घोळ : सोलापुरातल्या घरगुती ब्रॉडबँडची पार्श्वभूमी

सोलापुरात फोनच्या डेटावर आयपीव्ही६चा, म्हणजे इंटरनेटवरच्या नव्या पद्धतीचा पत्ता न मागता मिळतो. त्याच घरातल्या फायबरवर तो मिळवायला हौशी माणसाला महिनोन्‌महिने पाठपुरावा करावा लागतो. या तफावतीचे मूळ इथे ब्रॉडबँड ज्या पद्धतीने विकले गेले त्यात आहे.

आयपीव्ही६चे पहिले प्रमाणक डिसेंबर १९९५ मध्ये आले, म्हणजे भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुले झाले त्याच वर्षी. पुढची दहा वर्षे आपल्याकडे त्याची कुणाला गरज पडली नाही. २००५ नंतर फोनच्या तारेवर ब्रॉडबँड आले तेव्हा मोडेमला जुन्या पद्धतीचा, म्हणजे आयपीव्ही४चा जाहीर पत्ता मिळायचा. तो बदलत असे, पण बाहेरून घरापर्यंत पोचता येई. ज्यांना हौस होती ते परदेशातल्या फुकट टनेल सेवेतून (आयपीव्ही४च्या आतून आयपीव्ही६ वाहून नेणाऱ्या) आयपीव्ही६ घरी आणत आणि पलीकडून एक अख्खा /४८, म्हणजे पत्त्यांचा मोठा गठ्ठा मिळवत (रेषेपुढचा आकडा जितका लहान तितका गठ्ठा मोठा).

३ फेब्रुवारी २०११ ला आयपीव्ही४च्या जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे वाटून झाले. १५ एप्रिलला आशियाचा साठाही शेवटच्या गठ्ठ्यावर आला आणि त्यातून एका कंपनीला जास्तीत जास्त १०२४ पत्ते मिळू लागले. केबल टीव्हीवाल्यांनी खांबाखांबावरून फायबर ओढले ते त्यानंतर. एका पेठेतच हजाराच्या वर जोडण्या निघतात, त्यामुळे सीजीनॅटशिवाय (एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याच्या पद्धतीशिवाय) त्यांना गत्यंतर नव्हते, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. एप्रिल २०१२ मध्ये खास या कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला गेला. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनसमोर (बाहेरच्या बाजूच्या पत्त्यापुढे) यातला आकडा दिसला की तुमचा जाहीर पत्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्यात वाटलेला आहे असे समजावे. जुन्या टनेललाही जाहीर पत्ता लागतो, त्यामुळे तो रस्ताही इथेच बंद झाला.

‘स्टॅटिक आयपी’ (न बदलणारा पत्ता) हा शब्द गावभर पसरला तो याच काळात. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्याला शेडमधले कॅमेरे घरी बसून बघायचे असतात. सीजीनॅटमागे डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) पोर्ट उघडून काही उपयोग नसतो. मग जोडणी करणारा सांगतो, ‘स्टॅटिक घ्या, वेगळे पैसे पडतील.’ पैसे भरले की कॅमेरे दिसतात. त्याचे काम झाले, पण या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी बांधल्या गेल्या : पत्ता जाहीर असणे, पत्ता कायम असणे आणि बाहेरून येणाऱ्याला दार उघडे असणे. खरे तर त्या कारखानदाराला पहिली आणि तिसरी हवी होती. बदलणारा जाहीर पत्ता असता तरी डायनॅमिक डीएनएसवर (बदलत्या पत्त्याला एकच नाव जोडून ठेवणाऱ्या सेवेवर) त्याचे भागले असते. पण तिन्ही एकाच बिलात येत असल्याने त्या सुट्या करून बघायची वेळ कुणावर आली नाही.

आयपीव्ही६मध्ये त्या आपोआप सुट्या होतात. पत्ता जाहीर असतोच, त्यात विकण्यासारखे काही उरत नाही. दार उघडायचे की लावायचे हे राउटरच्या फायरवॉलवर ठरते. फक्त कायमपणा कंपनीच्या हातात राहतो. तरीही काउंटरवर ‘आयपीव्ही६ हवे’ म्हटले की ऐकणारा ‘स्टॅटिक’ ऐकतो आणि व्यावसायिक प्लॅनचा दर सांगतो. मला दोनदा हेच उत्तर मिळाले. समोरच्या मुलाचा दोष नव्हता, त्याच्या स्क्रीनवर तेवढा एकच पर्याय होता.

मोबाइलवर हे घडले नाही, कारण सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या नव्या ४जी कंपनीने जाळेच आयपीव्ही६वर उभे केले. एवढ्या ग्राहकांना पुरतील इतके जुने पत्ते बाजारात मिळणेच शक्य नव्हते.

सरकारी बाजू अशी. आयपीव्ही६ आणण्याचा पहिला आराखडा जुलै २०१० चा, दुसरा मार्च २०१३ चा. दुसऱ्यात ३० जून २०१४ नंतरची प्रत्येक नवी तारेची घरगुती जोडणी आयपीव्ही६ वाहून नेण्यास सक्षम असावी असे होते. ती तारीख उलटली, आणि २०२१ मध्ये नवी मुदत आली : ३१ डिसेंबर २०२२. दोन्ही वेळी शब्द ‘सक्षम’ हाच. ओएनटीच्या (घरात फायबर जिथे जोडली जाते त्या डब्याच्या) पानावर आयपीव्ही६ची चौकट असली की जोडणी सक्षम ठरते, मग तिच्यात पत्ता येवो न येवो. माझ्या मते सगळी ढिलाई या एका शब्दातून शिरली.

आमच्याकडे जुळे सोलापुरात ओएनटी बदलल्यावर आयपीव्ही६ एकदाचे सुरू झाले. मिळाला तो एकच /६४, म्हणजे घरात एकच नेटवर्क. कॅमेऱ्यांसाठी वेगळे काढायला जागा नाही. २००१ च्या तांत्रिक शिफारशीत घराला /४८ द्यावा असे होते. २०११ मध्ये ती सैल केली गेली, पण एका /६४ पेक्षा जास्त द्यावे हे त्याच मजकुरात स्पष्ट आहे. आपल्याकडे सैल केलेला भाग तेवढा वाचला गेला.

शिवाय हा /६४ टिकत नाही. उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते, ओएनटी बंद होऊन पुन्हा चालू होतो, नवे सेशन लागते आणि पत्त्याचे पहिले चार गट बदलतात. फळीवरचा छोटा सर्व्हर बॅटरीवर चालूच असतो. त्याच्याकडे जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते राहतात. जुना रद्द झाल्याचे त्याला कुणी सांगत नाही, आणि नेहमीच्या प्रमाणित मुदतीनुसार तो सात दिवस पसंतीचा आणि तीस दिवस वैध मानला जातो. मग एखादे पान मध्येच अडकते, बाहेरून सर्व्हर सापडत नाही, आणि मी डीएनएसमधली नोंद हाताने बदलतो.

आयपीव्ही४मध्ये पत्ता फिरता ठेवण्याला कारण होते, साठा अपुरा होता. आयपीव्ही६चा कंपनीला मिळणारा सर्वांत लहान वाटा म्हणजे /३२. त्यात १ कोटी ६७ लाखांवर /५६ बसतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. माणशी एक कायमचा /५६ दिला तरी दीड कोटीहून जास्त शिल्लक राहतात. मी घरासाठी असा एकच मागितला आहे. अर्ज फ्रँचायझीकडून वरच्या कार्यालयात गेला आहे, उत्तर अजून आलेले नाही.