सजगता-सरावातील तंत्रसाहाय्य (विशेष शिक्षण)

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या विद्यार्थ्यांना श्वासाकडे वा शरीराकडे लक्ष नेण्याचा सराव देताना टॅब, ध्वनिमुद्रण किंवा थरथरणारे मनगटी घड्याळ यांचा घेतलेला आधार. ‘मन शांत कर’ ही सूचना यातल्या अनेकांच्या हाती लागत नाही; पडद्यावर श्वासाच्या लयीत फुगणारे वर्तुळ मात्र दिसते.

एक उपयोगी सराव तळपायांचा. मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका व्यक्तीची आक्रमकता आवरण्यासाठी तो वापरल्याचे प्रसिद्ध केले. पावले जमिनीला पूर्ण टेकवून बसायचे. टेकत नसतील तर खाली पाट द्यावा. राग आलेला प्रसंग आठवायचा आणि लक्ष तळपायांकडे न्यायचे: बोटे हलवायची, मोज्याचा स्पर्श, टाचेखालची गार फरशी. राग ओसरेपर्यंत तिथेच थांबायचे. तो शिकवावा मूल शांत असताना. ऐन रागात पहिल्यांदा शिकवला तर फसतो.

टॅबवर मुलाच्याच पायांचे चार फोटो क्रमाने लावावेत आणि सूचना बाईंच्या किंवा आईच्या आवाजात मराठीतून मुद्रित कराव्यात. सुरुवात ३० सेकंदांनी, पुढे २-३ मिनिटे. श्वासाचे वर्तुळ मुलाच्या नेहमीच्या गतीला जुळवावे. गती लादली की मूल जोरजोरात श्वास घेते आणि त्याला गरगरते. श्वास रोखायला किंवा डोळे मिटायला लावू नये. अपस्माराचा (फिट येण्याचा) त्रास असेल तर लुकलुकणारी चित्रे वर्ज्य. डाउन सिंड्रोममध्ये ऐकू कमी येणे बरेचदा आढळते, तेव्हा आवाजापेक्षा मनगटावरची थरथर बरी. हेडफोन काहींना सोसत नाही, जबरदस्ती नको.

नेहमीची फजिती म्हणजे सरावाच्या मध्येच मूल खेळाच्या अ‍ॅपवर जाते. त्यासाठी पडदा एकाच अ‍ॅपवर अडकवावा, सूचनाघंटा बंद ठेवाव्यात आणि सरावाचा टॅब बक्षीस म्हणून देऊ नये. न बोलणाऱ्या मुलाला ‘बास’ म्हणता आलेच पाहिजे. पवईच्या आयआयटीत घडलेले जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे अ‍ॅप मराठीतही चालते. ते हाताशी असावे.

दादरच्या फलाटावर गर्दीत टॅब काढता येत नाही. म्हणून आधी आवाज, मग एकेक फोटो कमी करत खिशातल्या एका चित्रकार्डावर यावे. सरावही उभ्याने, बूट घालून, गाडीची घोषणा चालू असताना करून घ्यावा. वर्गातल्या शांततेत जमलेले तिथे आपोआप जमत नाही.