मडके थापटणे

चाकावर घडवलेले जाड भांडे अर्धवट सुकल्यावर आतून गोटा धरून आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकून मोठे, पातळ व गोल बुडाचे करण्याची कुंभारकामातील पद्धत. माठ-घागरी चाकावरच पुऱ्या होतात असा समज आहे. प्रत्यक्षात चाकावर गळा आणि काठ तयार होतो, पोट थापटण्याखाली येते.

ओली माती पातळ ओढून फुगवली की स्वतःच्याच वजनाने बसते, आणि सपाट चाकावर गोल बूड निघत नाही. गोल बूड तर हवेच: ते चुंबळीवर आणि तीन दगडांच्या चुलीवर नीट बसते, कोपरा नसल्याने आचेवर तडकतेही कमी.

१० लिटरच्या माठाला साधारण ३ ते ४ किलो मळलेली माती लागते. तीत राख किंवा लीद मिसळतात. भाजताना लीद जळून बारीक छिद्रे राहतात, त्यांतून पाणी पाझरते व गार होते. चाकावर १२ ते १५ मिलिमीटर जाडीचे बुटके भांडे उठवून, दोऱ्याने कापून सावलीत ठेवतात. पुष्कळ कुंभार बूड ठेवतच नाहीत. खालची कड ठोकत आत आणून भोक मिटवतात.

वेळ ओळखणे हेच खरे कसब. माती आंबटओली हवी: दाबल्यावर ठसा उमटावा, पण बोटाला माती लागू नये. ओल जास्त असली तर थापटणे चिकटते, म्हणून वर राख भुरभुरतात. फार सुकली तर केसासारख्या चिरा पडतात. घाव नेमका आतल्या गोट्यासमोर बसावा लागतो. चुकला की भिंत खचते. दोन-तीन फेऱ्यांत, मध्ये सुकवत, जाडी ६-७ मिलिमीटरवर आणतात. बूड जाड राहिले तर ते पोटाइतक्या वेगाने आक्रसत नाही आणि दोहोंच्या सीमेवर चीर जाते. तोटी जोडायची तर तीही आंबटओल्या मातीलाच. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे सापडलेली ताम्रपाषाणयुगीन तोटीची भांडी प्रसिद्ध आहेत.

आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, रचण्यापूर्वी मडके पूर्ण वाळलेले हवे, नाहीतर आतल्या ओलीची वाफ होऊन ते फुटते. भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवून पाहतात; बद्द वाजले तर कुठेतरी चीर आहे. नवा माठ सगळीकडून झिरपला तर तो त्याचा गुण, पण बुडाशी एकाच जागी ओघळ आला तर भोक मिटवताना तिथे घडी राहिली आहे असे समजावे.