पार्श्वभूमी : नागपूरच्या कोर्टांतलं 'प्रो बोनो' आणि त्याची मोजणी

नागपुरातल्या एखाद्या लॉ फर्मने 'आमच्या कामाचा ठरावीक वाटा प्रो बोनो', म्हणजे फी न घेता, असं जाहीर केलं, की बार रूममध्ये पहिला प्रश्न निघतो : वाटा म्हणजे कशाचा? मुंबई-दिल्लीच्या मोठ्या फर्म तासावर बिल लावतात, त्यांना 'वर्षाला इतके तास मोफत' असं म्हणता येतं. ही मोजणी मूळची अमेरिकेतली. तिथल्या वकील संघटनेने १९९३ मध्ये प्रत्येक वकिलाने वर्षाला निदान ५० तास असं काम करावं, ही अपेक्षा आपल्या नियमात लिहिली. नागपूरच्या कोर्टांच्या भागात, सिव्हिल लाइन्समध्ये मात्र फी ठरते ती प्रकरणावर, नाहीतर पेशीवर. तास लिहून ठेवायची पद्धतच बहुतेक चेंबरमध्ये नाही. सिनियर, त्याचे तीन-चार ज्युनियर आणि एक क्लार्क हीच इथली जुनी व्यवस्था. भागीदारीतली फर्म तशी अलीकडची.

मोफत वकील मात्र अलीकडचा नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत गरिबाला कोर्ट फी न भरता दावा लावण्याची सोय ब्रिटिश काळापासून आहे. त्यालाच जुने क्लार्क 'नादारीचा दावा' म्हणत. शब्द ओळखीचा आहे. शाळेत फी माफ असलेल्या पोरालाही नादारीच मिळायची, आणि ती मिळाल्याचं कोणी फारसं सांगत नसे. संहितेच्या इंग्रजी मजकुरातला 'पॉपर' (कंगाल) हा शब्द १९७६ च्या दुरुस्तीने गेला आणि अशा नादाराला कोर्टाने वकील नेमून देण्याची तरतूदही तेव्हाच आली. नागपूरचं स्वतःचं उच्च न्यायालय १९३६ चं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजधानीबरोबर तेही गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ उरलं. त्या वीस वर्षांत गरिबाचं वकीलपत्र कोणी फी न घेता घेतलं असेल, तर तो वकील आणि अशील यांच्यातला मामला होता. वरिष्ठ वकील अशा प्रकरणांच्या गोष्टी सांगतात, पण त्यांचं रजिस्टर कुणी ठेवलेलं नाही.

खरा बदल १९७६ ते १९८६ या दहा वर्षांतला. आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत विधी सहाय्य हे राज्याचं कर्तव्य ठरलं. त्याच दुरुस्तीतलं बरंचसं पुढे पुसलं गेलं, हे कलम टिकलं. १९७८ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि मोफत मिळाली पाहिजे, ऐपत नसेल तर अपिलासाठी वकील दिला पाहिजे आणि त्या वकिलाचे पैसे राज्याने द्यावेत. प्रकरण होतं खोट्या पदव्या छापण्याच्या बेताचं, आरोपी विद्यापीठातला शिक्षक, आणि अपिलाची परवानगी त्याला मिळाली नाहीच. पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण आलं. १९८६ मध्ये ठरलं की आरोपीने वकील मागितला नाही, एवढ्यावरून त्याचा हक्क जात नाही. मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा असला तरी अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना त्यात उत्पन्नाची अट नाही. हे ज्याला ठाऊक नाही तो आजही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालतो.

गुंता सुरू होतो तो इथून. प्राधिकरणाच्या पॅनलवरचा वकील पक्षकाराला फुकट असतो, पण त्याला मानधन मिळतं. ते किती तुटपुंजं आणि किती उशिरा, हा बार रूममधला कायमचा विषय. नागपूर मध्यवर्ती कारागृहातून आलेल्या अपिलात कोर्ट वकील नेमतं, त्याचेही पैसे सरकार देतं. खंडपीठ वर्तमानपत्रातल्या बातमीवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतं, तेव्हा कोर्टाच्या मदतीला नेमलेला वकील, म्हणजे न्यायमित्र, कधी मानधन घेतो, कधी नाकारतो. प्राधिकरणाच्याच २०२२ च्या योजनेतले बचाव पक्षाचे वकील तर पूर्णवेळचे, त्यांना खासगी वकिली करता येत नाही. यातलं प्रो बोनो कोणतं? काटेकोर अर्थ घेतला तर फक्त मानधन नाकारणारा न्यायमित्र. पण एखाद्या संकेतस्थळावरच्या आकड्यात हे सगळं एका ओळीत बसतं, आणि तासाभराच्या कायदेविषयक शिबिरातलं भाषणही त्यातच जातं.

आणखी एक प्रकार कोणी उघड बोलत नाही. मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत 'आत्ता काही देऊ नका, मोबदला मिळाला की बघू' हे वाक्य विदर्भातल्या शेतकऱ्याने ऐकलेलं असतं. त्याला ते मोफतच वाटतं. ते मोफत नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणं वकिलांच्या आचारनियमांत मना आहे. त्याच नियमांत पुढे असंही आहे की खऱ्या गरजूला, तो फी देऊ शकत नसला तरी, वकील मिळालाच पाहिजे आणि आपल्या ऐपतीच्या मर्यादेत अशी मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक. तास नाहीत, टक्के नाहीत. माझ्या मते हेच बरं आहे.

मोजणीला खरी धार आली २०१७ मध्ये. ज्येष्ठ वकील हा दर्जा देण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १०० गुणांची पद्धत लावली. त्यातले ४० गुण कायद्याच्या अहवालांत छापलेले-न छापलेले निकाल, विषयातलं प्रावीण्य आणि प्रो बोनो काम यांना मिळून होते. २०२३ मध्ये ते ५० झाले. ज्या कामाबद्दल बोलायचं नाही असा संकेत होता, त्याचे कागद आता फाइलला लावावे लागू लागले. निकालावर 'मानधन न घेता काम पाहिलं' अशी नोंद असली तर पुरावा तयार. पण कुही-उमरेडच्या कोर्टात बाईच्या पोटगीचा अर्ज फुकट चालवणाऱ्या वकिलाच्या हाती असला कागद नसतो, आणि तो त्या रांगेतही नसतो. पद्धतीच्या बाजूने बोलणारे म्हणत की निदान ओळखीपाळखीपेक्षा आकडा बरा, आणि नागपूरसारख्या खंडपीठाच्या गावातल्या वकिलाला मुंबईच्या बरोबरीने उभं राहता येतं. मे २०२५ मध्ये न्यायालयाने गुणपद्धतच रद्द केली आणि उच्च न्यायालयांना नवे नियम करायला सांगितलं. आठ वर्षांत लागलेली कागद जपायची सवय मात्र लगेच सुटणारी नाही.

केंद्राची 'न्यायबंधू' योजना याच काळातली, तीही २०१७ ची. मोफत काम करू इच्छिणारे वकील नाव नोंदवतात, गरजू व्यक्ती अर्ज करते. फर्मच्या जाहीर संकल्पाला आणखी एक अडचण आहे. वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी, शिक्षण, कामाचं क्षेत्र इतपत माहिती चालते. 'आम्ही गरिबांची प्रकरणं फुकट लढतो' हे माहितीत मोडतं की जाहिरातीत, यावर दोन वकिलांची तीन मतं.

या सगळ्या वादात फीच्या पलीकडचा खर्च मागे पडतो. खंडपीठाखाली विदर्भाचे अकराही जिल्हे येतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंचाहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे. वकिलाने फी सोडली तरी नकला, टायपिंग, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, झेरॉक्स, एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी उरतेच. प्राधिकरणामार्फत गेलेल्याला कोर्ट फी आणि नकलांचा खर्च मिळू शकतो. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट, मालमत्ता अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. फर्मकडे थेट गेलेल्या पुरुष पक्षकाराला यातलं काही आपोआप मिळत नाही. वकीलपत्रावर सही घेताना 'फी नाही, खर्च तुमचा' हे सांगितलं जातं, पण खर्च म्हणजे किती ते आधी कुणी सांगत नाही.

३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपुरात 'न्याय कौशल' हे देशातलं पहिलं ई-रिसोर्स सेंटर सुरू झालं. उद्‌घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीशही नागपूरचेच. इथून देशातल्या कोणत्याही कोर्टात ई-फायलिंग करता येतं. त्याने नागपूरच्या वकिलाची दिल्लीची एखादी फेरी वाचते. सिरोंच्याच्या माणसाला मात्र सहीसाठी अजूनही एक दिवस नागपुरात यावंच लागतं, आणि परतीची शेवटची गाडी कितीची ते आधी विचारून ठेवावं लागतं.