कोल्हापुरी चप्पल परदेशी पाठवायची आहे? अथणी-निपाणीच्या कारागिरांसाठी आयईसी आणि बाकीचे कागद

परदेशातून थेट ऑर्डर घ्यायची तर आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. तो मिळणं अवघड नाही. घोडं अडतं ते काम करणाऱ्या माणसांच्या कागदांपाशी, म्हणून दोन्हीकडची तयारी एकदमच करा.

आयईसी एकट्याच्या धंद्यालाही मिळतो, भागीदारीलाही आणि सहकारी संस्थेलाही. अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) वेबसाइटवर, शुल्क ५०० रुपये. पॅन, जागेचं वीजबिल किंवा भाडेकरार आणि धंद्याच्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडायचा. सही आधारच्या ओटीपीने होते. पॅनचा नंबर हाच तुमचा कोड. त्याला मुदत नाही, पण दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो.

आपल्या भागात खरी डोकेदुखी नावांची. आधारवर कानडी उच्चाराप्रमाणे एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं, आणि जुन्या कागदांवर अजून बेळगाव. २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी आहे, ते चालतं. पण नाव आणि जन्मतारीख पॅनप्रमाणेच हवी. आधी ती दुरुस्त करा, मग अर्ज भरा.

कोल्हापुरीच्या जीआयमध्ये, म्हणजे भौगोलिक मानांकनात, महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, तसे कर्नाटकातले बेळगावी, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. त्यामुळे इथल्या कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करता येतो. तो जरूर करा, हे नाव आपलंही आहे.

आता कामगार. परदेशी खरेदीदार वयाचा दाखला, हजेरी आणि मजुरीची नोंद मागतात. घरी बसून चपलेची वेणी घालणाऱ्या बाईला जोडीमागे रोख पैसे मिळतात आणि तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. हे बदलायलाच हवं. मजुरी खात्यावर द्या, जोड्यांचा हिशेब तारखेसकट लिहा. तिची ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी मोफत होते: वय १६ ते ५९, आधार आणि बँक खातं हवं, पीएफ किंवा ईएसआयचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) सभासदत्व नको. कारखान्यात दहा माणसं झाली की २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय, वीस झाली की पीएफ. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्रही द्यायचं आहे.

शाळेतून आल्यावर मुलाने धोका नसलेल्या घरच्या धंद्यात हात लावायला आपल्या कायद्यात मुभा आहे. तरी ऑर्डरच्या मालावर चौदाच्या आतल्या मुलाला बसवू नका; तपासणीत एवढ्यावरून ऑर्डर जाऊ शकते.